तेच औषध दर वेळी संपतं, तरी सॉफ्टवेअर कमीच मागणी सुचवतं: नेमकं कुठे पाहायचं

लक्षण ओळखीचं असेल. मधुमेहाचं मेटफॉर्मिन, रक्तदाबाचं ॲम्लोडिपिन असं रोज लागणारं एखादं औषध महिना भरायच्या आत संपतं. पुढचं मागणीपत्र भरायला बसावं, तर सॉफ्टवेअर सुचवतं तो आकडा गेल्या वेळेपेक्षाही कमी. फार्मासिस्ट तो हाताने वाढवतात. मंजुरी देणारे ‘सिस्टिममध्ये तर एवढीच गरज दिसतेय’ म्हणून परत खाली आणतात. दोन महिन्यांनी फळी पुन्हा रिकामी, आणि मधुमेहाचा पेशंट ‘बाहेरून घ्या’ अशी चिठ्ठी घेऊन घरी जातो. ज्याच्याकडे बाहेरून घ्यायला पैसे नाहीत, तो तेवढे दिवस गोळीच घेत नाही.

बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. औषध नव्हतं म्हणून दिलं गेलं नाही आणि लागत नव्हतं म्हणून दिलं गेलं नाही, या दोन गोष्टी त्याला सारख्याच दिसतात. टंचाईलाच ते गरज समजतं. हा फरक त्याला दाखवून द्यायचा, एवढंच काम आहे, पण त्यासाठी आकडा नेमका कुठून येतो हे कळावं लागतं.

इथली उदाहरणं मुख्यतः ओपनएलएमआयएसची आहेत. सरकारी आरोग्य केंद्रांची औषधं आणि लशींची मागणी, मंजुरी, साठा यांसाठीची ही मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली, प्रणाली. मलावी, मोझांबिकमध्ये ती वापरात आहे. टांझानिया आणि झांबियाच्या राष्ट्रीय प्रणाली तिच्याच पायावर उभ्या आहेत. आपल्याकडच्या ट्रस्टच्या रुग्णालयांत जास्त भेटतं ते बाह्मनी, म्हणजे केसपेपरसाठी ओपनएमआरएस आणि भांडारासाठी ओडू यांची जोडणी. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीला जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात ते पहिल्यांदा वापरात आलं. त्याचंही वेगळं दुखणं पुढे येईल. महाराष्ट्रातल्या सरकारी केंद्रांत सी-डॅक या सरकारी संस्थेची ई-औषधी ही साठ्याची प्रणाली चालते. तिचा कोड तुम्हाला उघडून पाहता येणार नाही, पण हिशेबाची तपासणी तिथेही करता येईल.

आधी चार आकडे शेजारी मांडा

सेटिंगला हात लावण्याआधी एक कागद घ्या. ज्या औषधाची तक्रार आहे, त्याचे मागच्या सहा महिन्यांचे चार रकाने करा: किती मागितलं, किती मंजूर झालं, वरून किती निघालं, हातात किती पडलं. ओपनएलएमआयएसमध्ये हे चारही आकडे मागणीपत्र, मंजुरी, पाठवणी आणि पोच (माल मिळाल्याची नोंद) यांत वेगवेगळे नोंदलेले असतात.

आकडा कोणत्या रकान्यात घटतो ते पाहा. मागणी पुरेशी आहे, मंजूरही झाली, पण निघालंच निम्मं, तर टंचाई जिल्ह्याच्या भांडारात किंवा त्याच्याही वर आहे. अशा वेळी केंद्रातली कोणतीही सेटिंग बदलून काही होणार नाही, उगाच आठवडे जातील. मंजुरीच्या पायरीवर घटत असेल, तर मंजूर करणाऱ्याला कारण दिसत नाही हा प्रश्न आहे. आणि सुचवलेला आकडाच कमी असेल, तर पुढे वाचा.

पोचेकडे इथेच एकदा नजर टाका. खोकी उतरली, फळीवर लागली, पण पोच स्क्रीनवर पक्की केली नाही, तर साठ्याच्या कार्डावर ती आवक चढतच नाही. मग महिनाअखेर मोजणीत साठा अचानक जास्त निघतो, कोणीतरी तो ‘दुरुस्ती’ म्हणून चढवतं, आणि पुढचा सगळा हिशेब वाकडा होतो.

खप कसा काढला जातो

कागदावरून अहवाल भरणाऱ्या केंद्रांत खप बहुतेक वेळा थेट मोजलेला नसतो. तो वजाबाकीतून काढतात: सुरुवातीची शिल्लक, अधिक आवक, त्यात नुकसान किंवा इकडून-तिकडे दिलेल्याची दुरुस्ती, वजा शेवटची शिल्लक. म्हणजे या चारांतली कोणतीही चूक खप म्हणूनच बाहेर येते. उपकेंद्राला दिलेल्या गोळ्या नोंदल्या नाहीत, की खप फुगतो. एक्स्पायर झालेला डबा नुकसानीत न टाकता नुसता बाजूला ठेवला, तरी फुगतो. ३० तारखेला आलेला माल मोजणीत धरला आणि आवकीत मात्र पुढच्या महिन्यात चढवला, तर या महिन्याचा खप घटतो, कधी चक्क उणे दिसतो. उणे खप दिसला की तो महिना आधी बाजूला काढा.

मागणी सुचवताना प्रणाली काही महिन्यांच्या खपाची सरासरी घेते, तिला ‘जास्तीत जास्त किती महिन्यांचा साठा ठेवायचा’ या संख्येने गुणते आणि त्यातून हातातला साठा वजा करते. आता आकडे घालून पाहू. खरी गरज रोज १०० गोळ्या, महिन्याला ३०००. सरासरी तीन महिन्यांची, कमाल साठाही तीन महिन्यांचा, म्हणजे ९०००. पहिला महिना नीट गेला, ३००० गोळ्या दिल्या. दुसऱ्या महिन्यात विसाव्या दिवशी औषध संपलं, २००० दिल्या. तिसऱ्या महिन्यात थोडाच माल आला, दहा दिवसांत संपला, १०००. सरासरी निघाली २०००, कमाल साठा ६०००. सॉफ्टवेअर ज्याला तीन महिन्यांचा साठा म्हणतं, तो तुमच्याकडे दोन महिन्यांत संपणार. तो संपला की सरासरी पुन्हा खालीच राहते. एकदा वरून पुरवठा चुकला आणि नंतर सुरळीत झाला, तरी केंद्र या घसरणीतून आपोआप वर येईलच असं नाही.

साठा नसलेले दिवस भरा

यावर उपाय प्रणालीतच आहे, पण तो अनेक ठिकाणी बंद असतो किंवा रिकामा असतो. ओपनएलएमआयएसच्या मागणीपत्रात ‘साठा नसलेले दिवस’ असा रकाना ठेवता येतो. तो भरला की खप दुरुस्त होतो: महिना ३० दिवसांचा धरून, खप गुणिले ३०, भागिले साठा असलेले दिवस. वरच्या उदाहरणात दुसऱ्या महिन्याचे २००० गुणिले ३० भागिले २०, म्हणजे ३०००. तिसऱ्याचे १००० गुणिले ३० भागिले १०, पुन्हा ३०००. गरज जशीच्या तशी परत मिळाली.

तेव्हा ॲडमिनकडून दोन गोष्टी तपासून घ्या. तुमच्या आरोग्य कार्यक्रमाच्या मागणीपत्राच्या साच्यात हा रकाना चालू आहे का? आणि सरासरी किती कालखंडांची घ्यायची ही संख्या किती ठेवली आहे? मागणीपत्र साठ्याच्या कार्डांना जोडलेलं असेल, तर साठा नसलेले दिवस कार्डावरूनच मोजता येतात, हाताने भरावे लागत नाहीत. ते जमत असेल तर तसंच करा. मात्र कार्डावर नोंदी रोजच्या रोज व्हायला हव्यात. महिनाअखेर एका बैठकीत सगळ्या नोंदी चढवल्या, तर औषध महिनाभर होतं असंच दिसेल.

हाताने भरायचं असेल, तर बिन कार्डावर, म्हणजे फळीवर औषधाशेजारी ठेवलेल्या कागदी नोंद-कार्डावर, शिल्लक शून्य झाली ती तारीख आणि माल पुन्हा आला ती तारीख लाल शाईने लिहायची सवय लावा. महिनाअखेर आठवून भरलेल्या या रकान्यात बहुधा शून्य किंवा ‘५’ सापडतो. हा रकाना रिकामा ठेवणं म्हणजे औषध रोज उपलब्ध होतं असं लेखी देणं आहे, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा.

या सूत्राला दोन मर्यादा आहेत आणि दोन्ही वारंवार भोवतात.

एक, पूर्ण महिनाभर औषध नसेल तर खप शून्य, आणि शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. तो महिना सरासरीत धरला, तर एका फटक्यात एक तृतीयांश गरज गायब होते. असा महिना वगळून त्याच्या आधीचा भरलेला महिना घ्यायला हवा. प्रणाली हे स्वतःहून करत नसेल, तर मागणीचा आकडा हाताने बदला आणि शेऱ्यात कारण लिहा.

दोन, औषध फारच थोडे दिवस होतं, तर दुरुस्ती उलट्या बाजूला जाते. महिनाभर वाट पाहिलेले पेशंट औषध आल्याचं कळताच एकदम येतात. तीन दिवसांत ६०० गोळ्या गेल्या, की सूत्र म्हणतं ६०० गुणिले ३० भागिले ३, म्हणजे ६०००. खऱ्या गरजेच्या दुप्पट, आणि त्यातला काही माल पुढे एक्स्पायर होणार. माझं मत स्पष्ट आहे: महिन्यातले निम्म्याहून कमी दिवस साठा असेल, तर त्या महिन्यावर दुरुस्तीचं सूत्र चालवू नका, तो महिना सोडून द्या.

शून्य न होणारी टंचाई

वरचं सगळं नीट केलं, साठा नसलेले दिवस खरोखर शून्य आहेत, आणि तरी आकडा कमी येतो, तर फार्मासिस्टशी शांतपणे बोला. साठा कमी आहे हे दिसल्यावर कोणताही समजूतदार माणूस वाटून देतो. महिन्याच्या गोळ्यांऐवजी दहा दिवसांच्या देतो, ‘पुढच्या बाजारी या’ म्हणतो. फळीवर डबा आहे, कार्डावर शिल्लक आहे, पण दिलेल्या गोळ्या गरजेच्या एक तृतीयांश. याबद्दल त्याला दोष देऊ नका. हातात होतं त्यात त्याने सगळ्यांचं भागवलं. पण सूत्रात या माहितीला जागाच नाही.

इथे खपाकडे बघणं सोडून पेशंटांकडे वळावं लागतं. असंसर्गजन्य आजारांच्या रजिस्टरमध्ये मेटफॉर्मिन चालू असलेले नियमित पेशंट ५० असतील आणि बहुतेकांना दिवसाला दोन गोळ्या असतील, तर महिन्याला ३००० लागतात. खपाची सरासरी १२०० दाखवत असेल, तर मधले १८०० कुठे गेले याचं उत्तर शोधायला हवं. क्षयरोग, एचआयव्ही, रक्तदाब, मिरगी अशा नोंदणीकृत, रोज औषध लागणाऱ्या आजारांना हा हिशेब फार चांगला लागू पडतो. ताप-खोकल्याच्या औषधांना नाही.

बाह्मनी वापरणाऱ्यांकडे याहून मोठी सोय आहे, आणि ती फारच कमी वापरली जाते. डॉक्टरांनी लिहिलेलं प्रत्येक औषध ओपनएमआरएसमध्ये नोंदलेलं असतं, मग ते खिडकीवर मिळालेलं असो वा नसो. दिलेल्या औषधाची नोंद ओडूत असते. दोन्हींची महिन्याची बेरीज शेजारी ठेवली, की नाकारली गेलेली मागणी समोर येते. मागणी ठरवताना लिहिलेल्या औषधाचा आकडा धरा, दिलेल्याचा नको. फक्त एक पाहून घ्या: डॉक्टर ‘भांडारात नाही’ हे माहीत असल्यामुळे ते औषध लिहायचंच टाळून कागदी चिठ्ठी देत असतील, तर हीसुद्धा नोंद पुसली जाते. साठा नसला तरी औषध सिस्टिममध्ये लिहावं, एवढी विनंती त्यांना करा. जिथे संगणकावर प्रिस्क्रिप्शन नाही, तिथे खिडकीवर एक वही ठेवा: तारीख, औषध, किती कमी दिलं. नावगाव नको. पेशंटसमोर दहा सेकंदांत भरता येईल एवढीच वही टिकते.

ओडूचा वेगळा सापळा

बाह्मनीतल्या ओडूत फेरखरेदीचा नियम किमान आणि कमाल अशा दोन आकड्यांवर चालतो. तो खपाची सरासरी काढत नाही. दोन वर्षांपूर्वी कोणी किमान ५०० ठेवलं असेल, तर ओपीडी दुप्पट झाली तरी ते ५००च राहतं. हे आकडे दर सहा महिन्यांनी कोणीतरी पाहायलाच हवेत.

याहून लपलेलं कारण म्हणजे जुन्या ऑर्डरी. हा नियम हातातल्या साठ्यात येणारा माल मिळवतो आणि जाणारा वजा करतो. पुरवठादाराने माल कधीच दिला नाही, पण पक्की केलेली खरेदी ऑर्डर रद्द करायची राहून गेली, तर ओडूच्या हिशेबी तो माल अजून वाटेवर आहे. फळी रिकामी असतानाही ते ‘पुरेसं आहे’ म्हणत राहतं. येऊ घातलेल्या मालाची यादी उघडा, मुदत उलटून गेलेल्या ऑर्डरी पुरवठादाराशी बोलून रद्द करा, आणि लगेच सुचवणी पुन्हा चालवून बघा.

एकक, डबे आणि दोन नावं

सरासरी अचानक बरोबर दहापट खाली आली असेल, तर कोणीतरी गोळ्यांच्या जागी स्ट्रिप टाकल्या आहेत. हे पाच मिनिटांत सापडतं.

डब्यांच्या गोलाईला मात्र वेळ द्या, कारण छोट्या केंद्रांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. ओपनएलएमआयएसमध्ये प्रत्येक औषधाला तीन गोष्टी जोडलेल्या असतात: एका डब्यात किती नग, उरलेले नग कितीच्या वर गेले की आणखी एक डबा धरायचा, आणि शून्य डबे चालतील का. हजार गोळ्यांचा डबा आहे, उंबरठा ५०० ठेवला आहे, शून्य चालेल असं ठरवलं आहे. आता एका उपकेंद्राला ३०० गोळ्या लागतात. ३०० काही ५०० च्या वर नाही, म्हणून डबे शून्य. मागणीपत्र भरलं, मंजूर झालं, आणि पाठवायला काहीच नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मोठ्या रुग्णालयाला ही सेटिंग कधी जाणवत नाही, म्हणून ती कोणी तपासत नाही. जीवनावश्यक औषधांना ‘शून्य चालेल’ ठेवू नये, आणि भांडारात शंभर गोळ्यांचं पाकीट मिळत असेल, तर छोट्या केंद्रांसाठी तेच यादीत घ्यावं.

नावांचा गोंधळ आपल्याकडे जास्त. दरकरार बदलला, कंपनी बदलली, तीच गोळी नव्या नावाने नवी वस्तू म्हणून चढवली. जुन्या नावाखाली खप आटतो, नव्या नावाला मागचा इतिहासच नाही, आणि दोन्हींची सुचवणी कमी येते. वस्तूंची यादी घटक आणि मात्रेनुसार क्रमाने लावून पाहिली की अशा जोड्या लगेच दिसतात. जुनी वस्तू काढून टाकू नका, तिचा इतिहास लागणार आहे. दोन्हींचा खप मिळवून एकच सरासरी काढा.

औषध पोचायलाच वेळ लागत असेल तर

खप बरोबर, दिवस बरोबर, एकक बरोबर, तरी संपतं. मग कमाल महिन्यांची संख्या पाहा. साधा हिशेब असा: मागणी केल्यापासून माल यायला लागणारा काळ, अधिक सुरक्षित साठा, हे किमान. त्यात दोन मागण्यांमधला काळ मिळवला की कमाल. सुरक्षित साठा निदान दोन मागण्यांमधल्या काळाच्या निम्मा धरायचा, असा रूढ नियम आहे. महिन्याला मागणी आणि माल यायला एक महिना, तर किमान दीड, कमाल अडीच महिने. माल यायला प्रत्यक्षात दोन महिने लागत असतील, तर किमान अडीच आणि कमाल साडेतीन. कमाल दोनच ठेवलं असेल, तर औषध दर वेळी संपणारच.

आणि हा ‘माल यायला लागणारा काळ’ परिपत्रकातला घेऊ नका. मागच्या पाच-सहा पोचांवरच्या तारखा पाहून काढा.

ओपनएलएमआयएसमध्ये ही संख्या केंद्राच्या प्रकारावर ठरते. एकाच प्रकारच्या सगळ्या केंद्रांना एकच कमाल लागू होते, डांबरी रस्त्यावरच्याला आणि नदीपलीकडच्यालाही. मलावीत साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचे. तेव्हा कच्चे रस्ते बंद पडतात आणि हिवतापही तेव्हाच वाढतो. आपल्याकडे गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा केंद्रांसाठी वेगळा प्रकार तयार करून त्याला वेगळी कमाल द्या. तो अधिकार ॲडमिनकडे असतो, कोड बदलावा लागत नाही. हिवतापाच्या चाचणी किट आणि गोळ्या, ओआरएस यांना पावसाळ्याआधी गेल्या तीन महिन्यांची सरासरी लावू नका. ती कोरड्या महिन्यांची असते. गेल्या वर्षीचे तेच पावसाळी महिने काढा.

सर्पदंशावरचं प्रतिविष, ॲड्रेनलिन, मॅग्नेशियम सल्फेट अशा तातडीला जीव वाचवणाऱ्या औषधांना तर सरासरीच लावू नका. तीन महिने एकही सर्पदंश आला नाही, म्हणून सुचवणी शून्य आली, तरी कपाटात निदान पहिल्या रुग्णाला पुरेल एवढा साठा असलाच पाहिजे. यांचं किमान डॉक्टरांनी ठरवायचं आणि ते कायम ठेवायचं.

दुरुस्तीनंतर

मंजुरी देणाऱ्याला पहिल्यांदा मोठा आकडा जाईल तेव्हा शेऱ्यात तीन गोष्टी लिहा: कोणते महिने धरले, कोणते वगळले आणि का, नोंदणीकृत पेशंटांवरून किती येतं. ‘गरज वाढली आहे’ एवढंच लिहिलेली मागणी कापली जाते. आकड्यांसकट लिहिलेली कापायची तर कापणाऱ्याला कारण द्यावं लागतं.

राहिलेले अहवाल भरताना विशेष जपा. नियमित मागणीपत्रं क्रमानेच भरावी लागतात, आधीचा कालखंड पूर्ण केल्याशिवाय पुढचा उघडत नाही. त्यामुळे अडलेला माणूस जुने महिने घाईघाईने शून्य टाकून पुढे सरकतो, आणि ती शून्यं सरासरीत बसून राहतात. बिन कार्ड समोर ठेवूनच ते महिने भरा.

पुढची दोन-तीन मागणीपत्रं सुचवलेला आकडा, पेशंटांवरून आलेला आकडा आणि प्रत्यक्ष दिलेलं औषध शेजारी लिहून ठेवा. तिन्ही जवळ येत असतील, तर हाताने बदल करणं थांबवा आणि प्रणालीला चालू द्या. सुचवणी पेशंटांच्या आकड्याच्या वर जात असेल, तर टंचाई संपल्यावरही साठा नसलेले दिवस सवयीने भरले जात आहेत का, ते आधी पाहा.